एन्येच्या डोक्यावरची रेघ

लग्न होऊन अमेरिकेत आले तेव्हा मला दोन गोष्टी नीट येत होत्या, स्वयंपाक आणि छपाई. स्वयंपाक ओळखीतल्या सगळ्याच बायकांना येत होता, त्यामुळे त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. छपाईचं सांगितलं की लोक ‘अच्छा?’ म्हणून विषय बदलायचे.

कराडला माझ्या वडिलांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, असली कामं. शाळेतून आले की दप्तर टाकून मी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला बसायचे. अक्षर एका खणात, काना दुसऱ्या, वरची मात्रा तिसऱ्याच खणात. चिमट्याने एकेक उचलून जागेवर बसवायचं. दहावीला जाईपर्यंत मला उलटा मजकूर सुलट्याइतकाच भरभर वाचता येऊ लागला होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहत होतो. नवरा एका कॉम्प्युटर कंपनीत इंजिनिअर. सकाळी सातला तो गाडी घेऊन जायचा आणि मी दिवसभर खिडकीतून बर्फ बघत बसायचे. दुसऱ्या हिवाळ्यात मला ते सोसेना. वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात दिसली. शेजारच्या वूस्टर शहरात एका छापखान्याला ‘पेस्ट-अप’ करणारं माणूस हवं होतं. पेस्ट-अप म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, पण छापखान्याचा वास मला ओळखता येईल एवढी खात्री होती. बस पकडून गेले.

मालक सत्तरीला टेकलेले, उंच, कानामागे कायम निळी पेन्सिल. त्यांनी मला प्रश्न असे विचारलेच नाहीत. एका फोटोटाइपसेटिंगच्या यंत्रातून मजकूर चकचकीत कागदाच्या पट्ट्यांवर उमटून यायचा, त्या पट्ट्यांना मागून मेण लावायचं, धारदार चाकूने कापायच्या आणि पुठ्ठ्यावर चिकटवून पान उभं करायचं. मग पानाचा मोठ्या कॅमेऱ्याने फोटो घेऊन त्यावरून छपाई. मालकांनी एक पट्टी, चाकू आणि पुठ्ठा पुढे सरकवला. मी पट्टी चिकटवली. त्यांनी मोजपट्टी ठेवून बघितली, सरळ होती.

“मोजपट्टी न लावता?” ते म्हणाले.

“डोळ्यांना सवय आहे,” मी म्हटलं.

“सोमवारपासून ये.”

छापखाना ज्या रस्त्यावर होता तिथे निम्म्याहून जास्त दुकानं प्वेर्तो रिको आणि आसपासच्या देशांतून आलेल्या लोकांची होती. कोपऱ्यावर बेकरी, समोर वाणसामानाचं दुकान, पलीकडे न्हावी, शिंपी, विमानाची तिकिटं काढून देणारा आणि रेकॉर्ड्स विकणारा. वाण्याकडे मला अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा कच्ची केळी, अळकुड्या आणि मुळांसकट कोथिंबीर दिसली. तिथून पुढे दर शुक्रवारी माझ्या पिशवीत कोथिंबीर असायची.

मे महिन्यात एके दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीणबाई छापखान्यात आली. साठीची, ठेंगणी, कोपरापर्यंत पीठ. सगळा रस्ता तिला दोन्या म्हणायचा. हा त्यांच्याकडचा नावाआधी लावायचा मानाचा शब्द, पण तिच्या बाबतीत पुढचं नाव गळून मानच तेवढा उरला होता. तिने काउंटरवर एक पुस्तिका आपटली.

“हे तुमच्याच मशीनवर छापलेलं ना?”

मालकांनी चष्मा वर केला. “दोन्या, याच्यावर गेल्या वर्षी बोलून झालंय. मशीनमध्ये ते अक्षर नाही.”

“नाही, तर आणा.”

“एका अक्षरासाठी नवा फाँट? वर्षातून एका पुस्तिकेसाठी?”

“मग मी दुसरीकडे जाऊ?”

“जा की.”

“जाणार नाही,” दोन्या म्हणाली. “चूक इथे झालीय, नीटही इथेच होणार.”

मी हळूच पुस्तिका उचलली. उन्हाळ्यात गावातले सगळे स्पॅनिश बोलणारे लोक मिळून बागेत मोठा उत्सव करत, मिरवणूक काढत, त्याचा कार्यक्रम त्यात होता. पहिल्या पानावर अध्यक्षांचं मनोगत. मग कार्यक्रमपत्रिका. आणि मग पानंच्या पानं जाहिराती. त्या रस्त्यावरच्या एकूण एक दुकानाची, आणि प्रत्येकीत शुभेच्छा. कुणाचं पाव पान, कुणाचं अर्धं, ज्याला ऐपत नाही त्याच्या नावाची नुसती एक ओळ. एकही शब्द कळत नव्हता तरी मला सगळं कळलं. ही स्मरणिका होती. आमच्या गल्लीतल्या गणपतीची दरवर्षी आमच्याच छापखान्यात निघायची तशी. किराणा भुसार, कापड दुकान, सायकल मार्ट, सगळ्यांकडून ‘हार्दिक शुभेच्छा’.

“कोणतं अक्षर?” मी विचारलं.

दोन्याने माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. मग पिठाच्या बोटाने एका पानावरचा शब्द दाखवला. इंग्रजी एनच्या डोक्यावर नागमोडी रेघ काढली की त्यांचं एक वेगळं अक्षर होतं, एन्ये. आपल्या न आणि ञ सारखे ते दोन निराळे. आन्यो म्हणजे वर्ष. रेघ काढून टाकली की तो शब्द आनो होतो. आनो म्हणजे काय ते सांगताना दोन्याने आवाज खाली आणला आणि आपल्या मागच्या बाजूला हात नेऊन दाखवलं. मला एकदम कळलं आणि माझे कान गरम झाले. पुस्तिकेत कुणाची दहा वर्षं, कुणाची पाच, मुखपृष्ठावर उत्सवाचीसुद्धा वर्षं मोजलेली होती. सगळीकडे रेघ नव्हती.

“आमच्या भाषेत तर प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर काहीतरी असतं,” मी मालकांना म्हटलं. “मला करता येईल.”

“हातानं?”

“हातानं.”

“तुझं बाकीचं काम अडता कामा नये,” ते म्हणाले. दोन्याने ते होकारासारखं धरलं.

मी एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईने बोटभर लांबीची नागमोडी रेघ काढली. पहिल्या काही सापासारख्या झाल्या. दोन्याला दाखवल्या तर ती म्हणाली, “ही झोपलीय. ही दारू प्यायलीय. ही बरी.” जी बरी ठरली तिच्या वीस काढल्या आणि कॅमेऱ्याने लहान लहान करत नेल्या, मथळ्यासाठी थोरल्या, मजकुरासाठी तिळाएवढ्या. मग चाकूच्या टोकावर एकेक रेघ उचलायची आणि एनवर ठेवायची. वाक्याच्या सुरुवातीला त्यांना उलटं प्रश्नचिन्ह लागतं. ते सोपं होतं, सुलटं कापून फिरवून लावायचं. स्वरांवरच्या तिरक्या रेघांना स्वल्पविराम चालले. मालक येता जाता बघायचे आणि पुढे जायचे. एकदा फक्त माझ्या टेबलावरचा दिवा बदलून जास्त उजेडाचा लावून गेले.

जाहिरातींचा मजकूर गोळा करायला दोन्या मला दुपारच्या सुट्टीत बरोबर नेऊ लागली. “तू लिहून घे,” ती म्हणायची. “मी लिहिलं तर यांचे मशीनवाले म्हणतील, वाचता येत नाही.” दुकानदार तिला नाही म्हणत नसत. वाण्याने पाव पानावरून अर्ध्यावर उडी मारली. शिंप्याला जाहिरातीत आपल्या शिलाईयंत्राचं चित्र हवं होतं, ते मी समोर बसून काढलं. रेकॉर्डवाल्याने मजकूर सांगता सांगता तीन गाणी ऐकवली. प्रत्येक ठिकाणी कॉफी. छोट्या कपात, दूध भरपूर, आपल्या चहासारखी उकळलेली गोड. संध्याकाळी घरी जाईपर्यंत माझे हात थरथरायचे.

न्हाव्याने मात्र दारातच थांबवलं. पन्नाशीचा गृहस्थ, पांढरा कडक इस्त्रीचा कोट, केस असे विंचरलेले की भांगात सुतळी धरून बघावं. खुर्चीत गिऱ्हाईक नव्हतं. दोन्याने स्पॅनिशमध्ये काहीतरी सुरू केलं, त्याने हात वर करून तिला थांबवलं आणि माझ्याशी इंग्रजीत बोलला.

“तू त्या छापखान्यातली.”

“हो.”

“मी इथे आलो तेव्हा तंबाखूच्या शेतात काम केलं. चार हंगाम. रात्री बराकीत इतरांचे केस कापायचो. त्यातून हे दुकान झालं. गेल्या वर्षी त्याला वीस वर्षं झाली म्हणून मी पूर्ण पान घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो छापून आला. त्याच्याखाली काय छापलं होतं ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे.”

“वर्षभर लोक या खुर्चीत बसून मला विचारतायत, वीस आहेत तर एखादं दाखव की.” तो हसला नाही. “त्याचं काही नाही. न्हाव्याच्या दुकानात लोक हसणारच. पण तिकडे बेटावर, प्वेर्तो रिकोत, माझी आई आहे. तिला पाठवायला दहा प्रती मी बाजूला ठेवल्या होत्या. एकही पाठवली नाही.”

ती चूक झाली तेव्हा मी तिथे कामाला नव्हते, हे सांगता आलं असतं. पण ते सांगणं बरं दिसलं नसतं. मी नुसतं “सॉरी” म्हटलं. त्याने मान हलवली आणि गल्ल्याशेजारचा वस्तरा उचलून पट्ट्यावर घासायला लागला. आम्ही बाहेर आलो.

“येईल,” दोन्या म्हणाली.

“मला नाही वाटत.”

“मिहा,” ती म्हणाली. मिहा म्हणजे पोरी. “तो नको म्हणाला. पण त्याने तुला आईबद्दल सांगितलं.”

त्याच रविवारी आमच्याकडच्या मराठी मंडळींचं एका घरी जेवण होतं. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. मी अळकुड्यांची भाजी नेली होती आणि त्या कुठून मिळाल्या असं सगळ्या विचारत होत्या. मी रस्ता सांगितला. यजमानीणकाकू भात वाढता वाढता थांबल्या.

“तिकडे जातेस तू? एकटी?”

“तिथेच काम करते मी काकू.”

“अगं, तो एरिया चांगला नाही. आमच्या ह्यांनी तर तिकडून ड्राइव्ह करायचंसुद्धा सोडलंय. तुला नोकरीच करायची तर डेटा एंट्रीचं काही बघू या की.” त्या माझ्या भल्यासाठीच बोलत होत्या, त्यात खोट नव्हती. बाकीच्या माना हलल्या. कुणीतरी पर्स चोरीला गेल्याची गोष्ट सांगितली, ती दुसऱ्याच गावातली होती.

मी दोन्याबद्दल बोलायला हवं होतं. न्हाव्याबद्दल, त्या कडक कोटाबद्दल. मी म्हटलं, “बसस्टॉप अगदी दारातच आहे,” आणि ताक वाढायला उठले. घरी येताना गाडीत नवरा म्हणाला, “एवढं मनाला लावून नको घेऊस त्यांचं बोलणं.” त्याला वाटलं मी काकूंवर रागावलेय. मला माझाच राग आला होता.

सोमवारी मी कामाला लागले. मागच्या वर्षीच्या न्हाव्याच्या पानाचा पुठ्ठा आमच्याकडे कपाटात होता. त्याचा फोटो छान होता. पहिल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा, वयाने बराच तरुण, दुकान उघडलं तेव्हाचा असावा. मी पान पुन्हा लावलं, चौकट नवी केली आणि आन्योस हा शब्द मोठ्या टाइपात घेऊन त्यावर सगळ्यात चांगली जमलेली रेघ बसवली. वीसच्या जागी एकवीस केलं. त्याचा एक प्रिंट काढून दुपारी एकटीच गेले. दोन्याला सांगितलंसुद्धा नाही.

खुर्चीत एक म्हातारा होता, तोंडाला साबण. न्हाव्याने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मी कागद आरशाशेजारी ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. दाढी पुरी झाली, टॉवेल झाला, कोलोन झालं. मग त्याने हात पुसून कागद उचलला, खिडकीत नेला आणि रेघेवरून अंगठा फिरवला. चिकटवलेली आहे की छापलेली हे बघत असावा.

“ही कुणी काढली?”

“मी.”

“तुला स्पॅनिश येतं?”

“नाही. पण माझे वडील म्हणायचे, अर्थ कळत नसला की माणूस अक्षर नीट बघतो.” हे वडील खरोखर म्हणायचे. गावातल्या कानडी पुरोहितांचं काम आलं की.

दाढी झालेला म्हातारा त्याच्या खांद्यावरून कागद वाचून मोठ्यानं म्हणाला, “आन्योस!” आणि टाळी वाजवली.

“एकवीस नको,” न्हावी म्हणाला. “एकवीस हा काय साजरा करायचा आकडा आहे? वीसच ठेव. मागच्या वर्षीचंच पान दे, फक्त ही रेघ घालून. आईला मी वीस सांगितलं होतं.”

पुस्तिका उत्सवाच्या दोन दिवस आधी, गुरुवारी छापून, टाचून तयार झाली. पाचशे प्रती. मालकांनी स्वतः मुखपृष्ठासाठी जाड गुळगुळीत कागद वापरला होता आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मी खोकी बेकरीत पोचवून आले. अर्ध्या तासात फोन वाजला.

“ये,” दोन्या म्हणाली. एवढंच.

मी रस्ता ओलांडून गेले. ती काउंटरमागे उभी होती आणि पुस्तिका पालथी ठेवली होती. शेवटचं पान, मागचं मुखपृष्ठ, तिच्या बेकरीची जाहिरात. सगळ्यांची पानं झाल्यावर मी हे सर्वांत शेवटी लावलं होतं आणि सगळ्यात कमी वेळा तपासलं होतं. वरच्या ओळीत होतं, रोज सकाळपासून उघडं. सकाळ म्हणजे मान्याना. त्यातली रेघ पुठ्ठ्यावरून निसटली होती आणि खालच्या ओळीत जाऊन चिकटली होती. खालची ओळ होती, एक बेकरी, एक कुटुंब. एक म्हणजे ऊना. त्यातल्या दुसऱ्या ऊनावर रेघ पडली होती, त्याचं झालं ऊन्या.

“ऊन्या म्हणजे काय?” मी विचारलं.

तिने आपल्या अंगठ्याचं नख माझ्यासमोर धरलं.

एक बेकरी, नख कुटुंब. पाचशे वेळा. मी मटकन स्टुलावर बसले आणि मला रडू आलं. दोन्याने मला दोन मिनिटं रडू दिलं. पाव भट्टीत होते, ते काढून आली.

“आमच्याकडे शुद्धिपत्र लावतात,” मी डोळे पुसत म्हटलं. “छोटी चिठ्ठी छापून आत चिकटवायची. अमुक पानावर अमुक वाचावे. मी आत्ता करून आणते.”

“चिठ्ठी कोण वाचणार? नख सगळे वाचतील.” तिने ड्रॉवर उघडून एक पेन काढलं. “तुझ्यासारखी रेघ मला काढता येत नाही. शिकव.”

मी छापखान्यात बारीक टोकाची काळी पेनं आणि खाडाखोडीचा पांढरा रंग आणायला गेले. मालकांना सांगावंच लागलं. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली, मशीनवाल्याला दुकान सांभाळायला सांगितलं आणि माझ्याबरोबर निघाले.

बेकरीच्या टेबलांवर आम्ही ढीग लावले. मान्यानावर रेघ काढायची, ऊन्यावरची पांढऱ्या रंगाने झाकायची. पण त्या गुळगुळीत कागदावर पांढरा ठिपका भलताच उठून दिसत होता, जखमेला पट्टी बांधल्यासारखा. पाच-सात प्रती झाल्या तोवर दारावरची घंटी वाजली आणि न्हावी आत आला. दोन्यानेच निरोप धाडला असणार. त्याने एक प्रत उचलली, पान उजेडात तिरकं धरलं, कोटाच्या खिशातून वस्तरा काढला आणि धार जवळजवळ आडवी ठेवून हलकेच दोनदा ओढली. शाईची रेघ भुकटी होऊन निघून गेली. त्याने फुंकर मारली. कागदाला ओरखडासुद्धा नव्हता.

“पुढची,” तो म्हणाला.

मग आमची साखळी बसली. तो खरवडायचा, मी आणि दोन्या रेघ काढायचो, मालक तपासून खोक्यात भरायचे. गिऱ्हाईकं पाव घ्यायला येत, विचारत, हसत, आणि त्यातल्या काही जणी पिशवी खाली ठेवून पेन मागत. शिंपी आला, त्याचा हात सगळ्यात स्थिर निघाला. न्हावी आणि मालक शेजारी शेजारी बसले होते आणि गेल्या उन्हाळ्यापासून एकमेकांशी बोलले नव्हते. शंभरेक प्रती झाल्यावर न्हाव्याने वस्तऱ्यावरून नजर न काढता विचारलं, “तुमचे केस कोण कापतं?”

“माझी बायको,” मालक म्हणाले.

“दिसतंच.”

मालकांनी हातातली प्रत खोक्यात ठेवली, दुसरी घेतली. “गेल्या वर्षीचं ते माझ्यामुळे झालं,” ते म्हणाले. “मला वाटलं, बारीकशी रेघ तर आहे.”

न्हाव्याने वस्तऱ्यावरची शाईची भुकटी पुसली. मग म्हणाला, “शनिवारच्या आधी या. असे मिरवणुकीला येऊ नका.”

दुपार कलेपर्यंत पाचशे झाल्या. न्हाव्याने दहा प्रती मोजून घेतल्या, दोन्याकडून खाकी कागद आणि सुतळी मागितली आणि पोस्ट बंद व्हायच्या आत निघून गेला.

शनिवारी मी नवऱ्याला बरोबर चल म्हटलं. त्याच्या कपाळावर आठी होती, काकूंचं बोलणं त्याच्याही डोक्यात कुठेतरी होतं. पण आला. बागेत इतकी माणसं होती की गाडी चार गल्ल्या लांब लावावी लागली. सजवलेल्या ट्रकवर झालरींचे घागरे घातलेल्या मुली, ढोल, तंतुवाद्यं, तऱ्हेतऱ्हेचे झेंडे. वाण्याच्या ट्रकवर खरीखुरी केळीची झाडं कुठून आणली होती देव जाणे. मालक नीट कापलेल्या केसांनी बायकोसोबत सावलीत बसले होते आणि फारच वेगळे दिसत होते. न्हावी पुस्तिका वाटत होता आणि प्रत्येकाला आधी आपलं पान उघडून देत होता. गवतावर बसलेली कुटुंबं पानं उलटून आपलं, आपल्या मामाचं, शेजाऱ्याचं दुकान शोधत होती. सापडलं की बोट ठेवून दुसऱ्याला दाखवत होती.

दोन्याने आमच्या हातात भाताच्या थाळ्या दिल्या. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि थांबला. काट्याने भात उकरून बघितला.

“अगं, या तुरी आहेत,” तो म्हणाला. “ओल्या तुरीचे दाणे. हा सोलेभात आहे!”

तो अमरावतीचा. हिवाळ्यात त्याची आई ओल्या तुरीचा सोलेभात करायची आणि अमेरिकेत आल्यापासून त्याने तो तोंडात घातला नव्हता. तो सरळ दोन्यापुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने हातवारे करत सांगायला सुरुवात केली. शेतात तूर कशी असते, शेंगा कशा सोलायच्या, त्याची आई त्यात काय घालते. दोन्या त्यांच्याकडचा मसाला सांगू लागली. दोघांनाही एकमेकांचं अर्धंच कळत होतं. त्याने तीन थाळ्या खाल्ल्या. त्याच्या शर्टावर तेलाचा डाग पडला होता आणि आठी कुठल्या कुठे गेली होती.

दुपारी कुणीतरी स्टेजवरून दुकानदारांना वर बोलावलं. दोन्याने जाताना माझं मनगट पकडलं. मी “मी दुकानदार नाही, मी नाही,” म्हणत राहिले, पण तिची पकड रोज पीठ मळणाऱ्या बाईची होती. वर गेल्यावर हातांचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून पदरात गुंडाळावेत तसे मी ते ओढणीत गुंडाळले. ती माइकमध्ये माझ्याबद्दल काय बोलली ते मला आजही माहीत नाही. मला फक्त ‘इंदिया’ आणि ‘एन्ये’ एवढे दोन शब्द कळले. लोक हसले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. खाली नवरा तोंड भरलेलं असताना टाळ्या वाजवत होता.

त्या छापखान्यात मी आणखी पाच वर्षं काम केलं. पुढच्या वसंतात मालकांनी स्पॅनिश अक्षरांचा फाँट मागवला आणि माझ्या रेघांचं काम संपलं. पण तोवर रस्त्यावरची सगळी छपाई आमच्याकडे येऊ लागली होती, बारशांची आमंत्रणं, दुकानांची उद्घाटनं, चर्चमधली पत्रकं. दोन्या मला दुपारच्या सुट्टीत थोडं थोडं स्पॅनिश शिकवायची. तिचं शिकवणं फार कडक होतं. चूक झाली की ती कॉफी द्यायची नाही.